हबीबच्या वहीतलं एक क्रियापद

हबीब,

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्तीनंतर लोक काय म्हणतील म्हणून, मग माझी सुमन शेवटच्या आजारात होती म्हणून. प्रत्येक वेळी कारण खोटं नव्हतं, पण टाळण्याचं खरं कारण तेही नव्हतं.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. अकोल्याच्या कब्रस्तानात मी मागे उभा होतो. तुझ्या धाकट्या भावाने हाताला धरून पुढे नेलं. 'सर, तुम्ही पन माती द्या,' म्हणाला. तीन मुठी द्यायच्या असतात. दोन दिल्या, तिसरी मूठ काही केल्या उघडेना. लोकांना वाटलं, म्हातारा गलबलला. कोणी पाणी आणून दिलं. मला त्या वेळी एकच संशय छळत होता, तो म्हणजे तुला माहीत होतं की नव्हतं. माणूस मातीआड होत असतानाही मी तुझ्याविषयी संशयच घेत होतो. असा मी.

दर्यापूरच्या त्या शाळेत आपण दोघं इंग्रजी शिकवायचो. तू अकोल्याचा, मी अमरावतीचा. दोघांच्या मधोमध पडणाऱ्या गावात दोघांनी खोल्या घेतल्या होत्या. तू माझ्याहून तीन वर्षं आधी लागलेला, म्हणजे नोकरीत वरचा. तरी मला 'गजाभाऊ' म्हणायचास, आणि मी तुला नुसतं हबीब.

फाटकाशेजारचा तो फळा तुझाच. वर पांढऱ्या रंगात 'आजचं क्रियापद'. रोज एक इंग्रजी क्रियापद. त्याचा अर्थ, वापर, मूळ, आणि शेवटी एक वाक्य. वाक्य मात्र आपल्या मुलखातलं पाहिजे, हा तुझा हट्ट. लंडनचा टॉम बाजारात जात नसे तुझ्या फळ्यावर. संत्र्याची गाडी शेंदूरजनाघाटहून निघायची आणि मोर्शीच्या अलीकडे पंक्चर व्हायची, तेव्हा मुलांना क्रियापद कळायचं. हेडमास्तर म्हणाले होते, 'नाम शिकवा की, क्रियापदच काहून?' तू म्हणालास, 'सर, नाम तर बसूनच राह्यते. उठवून चालवते ते क्रियापद.'

हे सगळं आधी तुझ्या वहीत उतरायचं. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, लांबट वही. आणि उशाला तो जाडजूड कोश, अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणलेला, पुठ्ठा नसलेला. त्यात तू मूळ शोधायचास. एकदा मधल्या सुट्टीत तू डब्याचं झाकण वाजवत आलास. 'गजाभाऊ, हे पाह्य. रेस्पेक्ट, इन्स्पेक्ट, सस्पेक्ट. एकाच घरची पोरं. लॅटिनमधलं पाहणं हे त्याह्यचं मूळ. मागं वळून पाहणं, तो आदर. आतमंदी पाहणं, ती तपासणी. अन् खालून वर पाहणं, तो संशय.'

'खालून वर म्हणजे?'

'म्हणजे असं.' तू मान खाली घातलीस आणि भुवयांखालून माझ्याकडे पाहिलंस, चोरट्या मांजरासारखं. स्टाफरूममधले सगळे हसले. मीही हसलो.

मग आपलं भांडण लागलं. सस्पेक्ट आणि डाऊट यांतला फरक दहावीला शिकवायचा का, यावरून. मी म्हणालो, मराठी माणसाला दोन्हीला संशय हा एकच शब्द पुरतो, पोरांना कशाला फोड करून सांगायची? तू इरेला पेटलास. 'एकच कसा पुरते? डाऊटमंदी माणूस म्हणते, हे झालं नसन. सस्पेक्टमंदी म्हणते, यानंच केलं असन. एकात पाय मांगं येते, एकात बोट पुढं जाते. बोट कोनावर चाललं हे पोराले कळाले नको?' मी म्हणालो, परीक्षेत विचारत नाहीत. तू म्हणालास, 'परीक्षेत नाई विचारत, पन पुढं विचारतात.' ते भांडण आपण संपवलं नाही. मला वाटतं, मी हरत होतो म्हणून मीच उठून गेलो.

सहामाहीचे पेपर तेव्हा शाळेतच काढायचे. एकाने पेपर काढायचा, दुसऱ्याने तपासायचा, मग काढणाऱ्याने पक्की प्रत करून ती अकोल्याच्या छापखान्यात न्यायची. कच्ची प्रत तपासणाऱ्याने फाडून टाकायची. ती कोणासमोर फाडावी असा नियम नव्हता. विश्वासावर चालायचं. त्या वर्षी दहावीचा इंग्रजीचा पेपर तू काढलास, मी तपासला. कच्ची प्रत दोन पानांची. पहिल्या पानावर मला काही सापडलं नाही. दुसऱ्यावर मी पेन्सिलने तीन दुरुस्त्या केल्या, समासात, माझ्या बारीक अक्षरात. तुला दाखवल्या. तू पक्की प्रत केलीस आणि कच्ची फाडायला मला परत दिलीस. दोन दिवसांनी विचारलंस, 'कच्ची फाडली ना भाऊ?' मी म्हणालो, 'हो.'

ती घरी फळीवर होती, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात. फाडू म्हणून ठेवली आणि विसरलो. 'हो' म्हणताना मला वाटलं, आज घरी जाऊन फाडली की हो खरं होईल.

परीक्षा दिवाळीच्या तोंडावर. पेपरच्या तीन दिवस आधी संस्थेचे सचिव हातात एक कागद घेऊन शाळेत आले. बाजारातून शेंगदाणे आणले होते, त्याची पुडी सोडवली तर आत दहावीचा इंग्रजीचा पेपर. पहिलं पान. तुझं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर शाळेतल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. हेडमास्तरांनी मला बोलावलं. 'हे कोणाचं अक्षर?'

'अक्षर तर हबीब सरांचं आहे.'

एवढंच बोललो. कच्ची प्रत फाडली का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी काढलं नाही. वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्याने इतकं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सचिव म्हणाले, 'त्याच्याकडे संध्याकाळी त्याचीच पोरं शिकायला येतात म्हणे.' त्याचीच म्हणजे कोणाची, हे मी विचारलं नाही. तुझ्या ओसरीवर कोण बसायचं मला ठाऊक होतं. भाजीवाल्यांची पोरं, स्टँडजवळच्या शिंप्याची मुलगी, आणि माझा सख्खा पुतण्या. एकाकडूनही तू काही घेत नव्हतास. हे तिथे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण सचिवांच्या मनात तुझ्या नावामुळेच संशयाला आधीपासून पाट मांडलेला होता, आणि तो त्यावर बसला. मी उभा राहून पाहिलं.

दुपारी घरी गेलो. फळी रिकामी. धुतलेली, वर नवा कागद अंथरलेला. सुमन हात पुसत बाहेर आली. 'अवो, दिवाळीचं झाडून राह्यले होते. ते पेपर देऊन टाकले रद्दीत. तुमचं काई नव्हतं ना त्यात?'

माझ्या मनात पाल चुकचुकायचीही गरज नव्हती. सगळं समोर होतं. मी म्हणालो, 'काही नव्हतं.'

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. आठवड्याभराने शाळेतली कुणकुण तिच्या कानावर आली तेव्हा पुन्हा विचारलं, 'अवो, खरंच काई नव्हतं ना?' मी ओरडलो तिच्यावर. नंतर तिने कधी विचारलं नाही. तुझं नाव निघालं की मात्र आत जाऊन काहीतरी चाळत, निवडत बसायची. तिला सांगितलं असतं तर ती तशीच चप्पल घालून तुझ्या घरी गेली असती. म्हणूनच सांगितलं नाही. लोकांना सांगायला मी मनात कारण तयार ठेवलं होतं, की बायकोचं नाव येऊ नये म्हणून गप्प राहिलो. ते कारण आज इथेच पुसतो. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. पहिला नंबर तुझा होता, दुसरा माझा.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला लेखी टिपण मागितलं, संस्थेला पाठवायचं म्हणून इंग्रजीत. मी लिहिलं. चार ओळी. त्यात ते क्रियापद वापरलं, सस्पेक्ट. कोणावर, कशाचा, दोन्ही नीट जोडून, 'ऑफ' लावून, तू फळ्यावर शिकवलं होतंस तसं. तुला ते टिपण वाचायला दिलं गेलं. तू हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर आलास, माझ्या टेबलाशी थांबलास. मला वाटलं आता शिवी घालतोस. तू म्हणालास, 'प्रेपोझिशन बराबर लावलं, गजाभाऊ.' आणि तासावर गेलास.

त्या वाक्याने माझी झोप गेली. ह्याला कळलं का? नुसता टोमणा होता की आणखी काही? आणि दुसरं भय त्याहून मोठं होतं. पहिलं पान पुडीतून निघालं, मग दुसरं कुठे आहे? त्यावर माझ्या पेन्सिलीच्या तीन खुणा होत्या. मी बाजारात जाऊन प्रत्येक दुकानातून शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे घेऊ लागलो. घरी येऊन पुड्या सोडवायच्या, कागद सपाट करायचा, दोन्ही बाजू पाहायच्या. सुमन म्हणायची, 'एवढे फुटाणे कोन खाईन?' मी पुढची पुडी सोडवायला घ्यायचो. गाड्यावर कोणी पुडी सोडवताना दिसला की मी मागे उभा राहून त्याच्या बोटांकडे पाहायचो. दुसरं पान सापडलं नाही. कोणी खाऊन फेकलं, गायीने खाल्लं, नालीत गेलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दिवाळीनंतर तुझी बदली झाली, संस्थेच्या हिवरखेडच्या शाळेत. परीक्षेच्या कामातून तुला कायमचं काढलं. लेखी ठपका नाही, चौकशी नाही. नुसतं लोकांच्या तोंडी राहिलं की हबीब सरांनी पेपर फोडला होता. त्या वर्षीचे विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडून बसलेत. लग्नाकार्यात भेटले की अजून म्हणतात, 'सर, तो पेपरवाला किस्सा आठवते का?' आणि मी मान हलवायचो. हे पत्र मी छापायला देणार आहे, तेव्हा पोरांनो, तुमच्यापैकी जे हे वाचत असतील त्यांनी नीट वाचा. पेपर हबीब सरांनी फोडला नाही. माझ्या घरून गेला, माझ्या आळसाने. आणि मी ते जाणूनबुजून लपवलं.

दोन वर्षांनी मी हिवरखेडला आलो होतो, आठवतं? अकोटपर्यंत बस, पुढे जीप, मागच्या बाजूला लोंबकळत. सांगायचंच म्हणून निघालो होतो. शाळेच्या फाटकाशी थबकलो. तिथेही फळा होता, तसाच. त्या दिवशीचं क्रियापद होतं वेट, थांबणं, वाट पाहणं. मूळ अर्थ तू लिहिला होतास, पहारा देणं, डोळ्यांत तेल घालून पाहत राहणं. मी येणार हे तुला माहीत नव्हतं, मी कळवलंच नव्हतं. तरी मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. तुझ्या फळ्यावरही मी संशय घेतला. भाभींनी भरीत-भाकरी केली. नसरीन तेव्हा दुसरीत-तिसरीत असेल, तिने पाढे म्हणून दाखवले. तू दर्यापूरचं एकेक झाड विचारलंस, शाळेची बातमी मात्र विचारली नाहीस. निघताना म्हणालास, 'आला होता कायसाठी, ते तर सांगितलंच नाई.'

'सहज.'

'सहज कोनी हिवरखेडले येत नाई, भाऊ.' आणि जीपचं मागचं फळकुट स्वतः लावून दिलंस, मी पडू नये म्हणून.

मी पर्यवेक्षक झालो, पुढे हेडमास्तर झालो. माझ्या निरोपसमारंभाला तू एवढ्या लांबून आलास. मी तुला बोलावलं नव्हतं. तू बोलायला उठलास. तू म्हणालास, 'गजाभाऊंचं इंग्रजी एवढं पक्कं, आयुष्यात एक प्रेपोझिशन चुकलं नाई.' सभा हसली. तू खाली बसलास आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मी नजर खाली घातली, मग भुवयांखालून हळूच पाहिलं, तू अजून पाहतो आहेस का म्हणून. त्या क्षणी मला तो मधल्या सुट्टीतला तू आठवलास, मांजरासारखी मान घातलेला. तीस वर्षं मी तुझ्याकडे तसंच पाहत होतो.

शेवटचा आलो तो याच उन्हाळ्यात. तू पलंगावर, नाकाला नळी. नसरीन चहा टाकायला आत गेली. मी म्हणालो, 'हबीब, एक सांगायचं होतं.'

'सांग ना बाप्पा. मी कुठी चाललो?'

ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. म्हणालो, 'सुमन तुझी फार आठवण काढायची.'

तू वाट पाहिलीस. मग म्हणालास, 'इतकंच?'

'इतकंच.'

'बरं,' म्हणालास, आणि भिंतीकडे तोंड केलंस.

परवा नसरीन अमरावतीला आली. हातात ती निळी वही. 'काका, अब्बूंनी सांगितलं होतं, ही गजाभाऊले दे. पन मी गेल्यावर.' मला वाटलं, मैत्रीची खूण म्हणून दिली असेल. ती बसली असतानाच पानं उलटली. सगळी क्रियापदं होती, संत्र्याच्या गाड्या होत्या, दर्यापूरचा बाजार होता. मग ते पान आलं, सस्पेक्ट. अर्थ. वापर, खाली डाऊटशी फरक, पाय मागे आणि बोट पुढे. मूळ, खालून वर पाहणं. त्याखाली नंतर केव्हातरी वेगळ्या शाईने लिहिलेलं, की जुन्या लॅटिनमध्ये ह्याच पाहण्याचा आणखी एक अर्थ होता. मोठ्या माणसाकडे मान वर करून पाहणं, मानणं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. पुढे 'वाक्य' असं लिहून जागा कोरी. सबंध वहीत तेवढी एकच जागा कोरी. आणि तिथे टाचणीने लावलेला घडीचा कागद.

मी तो उघडण्याआधीच ओळखला. तेलाचा डाग, पुडीच्या तिरक्या वळ्या. दुसरं पान. समासात माझ्या पेन्सिलीच्या तीन दुरुस्त्या, अजून वाचता येतात.

'हे कुठून आलं ग?'

नसरीन म्हणाली, 'मी सहा वर्षांची होते, काका. हिवरखेडला निघालो तो दिवस. दर्यापूरच्या स्टँडवर अब्बूंनी मला फुटाणे घेतले. गाडी सुटता सुटता एकदम पुडी माझ्या ओंजळीत रिकामी केली आणि कागद खिशात घातला. अर्धे फुटाणे खाली सांडले, म्हणून मी रडले. तेवढंच आठवते. काय आहे त्यात?'

मी म्हणालो, 'पेपर आहे जुना.' तिलाही सांगितलं नाही. बेटा, तू हे वाचशील त्याआधी मी ते तुला सांगितलेलं असेल.

म्हणजे तुला माहीत होतं. हिवरखेडच्या फळ्याशी, भरिताच्या ताटावर, निरोपाच्या सभेत, पलंगावर. त्या बसमधून उतरून शंभर पावलं मागे आला असतास, तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला असतास, तर पर्यवेक्षक तू झाला असतास. गाडी तर अजून स्टँडातच होती. तू उतरला नाहीस. का, ते मी दोन दिवस शोधतो आहे. सूड म्हणून असं करणारा माणूस तू नव्हेस. माझी कीव केलीस, असंही म्हणवत नाही. मला आता एवढंच वाटतं, की तू बोट पुढे करायला तयार नव्हतास, हातात पुरावा असतानाही. पाहत राहिलास, मी आपणहून येतो का.

आणि खरं सांगू? मला तुझा रागही आला. वही मेल्यावर का दिलीस? उन्हाळ्यात उशाखालून काढून समोर टाकली असतीस तर मला बोलावंच लागलं असतं. मग वाटलं, तसं बोलणं तुला नको होतं. तुला न मागितलेलं हवं होतं. मी शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंही दिलं नाही.

ती कोरी जागा मी आज भरत नाही. वाक्य आपल्या मुलखातलं पाहिजे, हा तुझा नियम, आणि त्या क्रियापदाचं आपल्या मुलखातलं वाक्य मी एकदा लिहून चुकलोय. ही वही उद्या नसरीनला परत देईन, त्या कागदासकट, आणि काय आहे ते तोंडाने सांगेन. तुझ्यासाठी मी फार वर्षं इंग्रजीत वाक्यं जुळवत होतो. ती सगळी व्याकरणाला बरोबर होती. हे आपल्या बोलीत आहे. हिवरखेडला तू जीपचं फळकुट लावत होतास तेव्हा एवढंच म्हणायचं होतं.

हबीब, तो पेपर माह्या घरून गेला होता, आन् मले त्याच दिवशी माहीत होतं. तुयी काई चूक नव्हती. मले माफ कर, भाऊ.